तेजीतील माघारीवर खरेदी: डॉलर-येनच्या २०२२ सालावरून एक वाद

हिशेबनीस

चलनाचा ट्रेंड वरचा असेल तर भाव मागे आल्यावर खरेदी करावी, हा सल्ला चलनबाजारात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात मिळतो. मागे म्हणजे किती मागे, याचे उत्तर बहुतेक जण फिबोनाचीच्या रेषांवरून, म्हणजे आधीच्या चढाईचा किती हिस्सा परत गेला ते दाखवणाऱ्या ठरावीक टक्केवारींवरून, देतात: ३८.२ टक्के, ५० टक्के, फार तर ६१.८ टक्के, आणि त्याखाली गेले की ट्रेंड संपला. माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. माघारीची खोली काहीच सांगत नाही; ज्या कारणाने ट्रेंड चालला होता ते कारण शिल्लक आहे की नाही, एवढेच पाहावे.

२०२२ चे डॉलर-येन, म्हणजे एका डॉलरला किती येन हा भाव, घ्या. मार्चच्या सुरुवातीला ११५ च्या आसपास असलेला भाव ऑक्टोबरमध्ये १५२ च्या उंबरठ्यावर गेला, कारण अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह (फेड) व्याजदर झपाट्याने वाढवत होती आणि जपानची मध्यवर्ती बँक, बँक ऑफ जपान, उणे ०.१ टक्क्यावरून हलायला तयार नव्हती. वाटेत मे महिन्याच्या अखेरीस भाव १२६.४ पर्यंत आला, तेथून जुलैच्या मध्यात १३९.४ ला पोचला आणि २ ऑगस्टला १३०.४ पर्यंत घसरला. तेरा येनच्या चढाईतले नऊ येन परत गेले, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के. ज्यांनी १३१.३६ या ६१.८ टक्क्यांच्या रेषेखाली स्टॉपलॉस (तोटा थांबवण्यासाठी आपोआप विक्री करणारा आदेश) ठेवला होता ते सगळे बाहेर फेकले गेले, आणि त्यानंतर बाजार वीस येनांहून अधिक वर गेला. व्याजदरांतील फरक मात्र या सगळ्या काळात वाढतच होता.

पाचवा लॉट

उदाहरण चांगले आहे, पण ते आपण ऑक्टोबरपाशीच थांबवले आहे. फेडने डिसेंबर २०२२ मध्ये दर ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेला. बँक ऑफ जपानचा धोरणदर तेव्हाही उणे ०.१ टक्काच होता. आपल्या कसोटीनुसार कारण शिल्लक तर होतेच, शिवाय ते ऑक्टोबरपेक्षा बळकट झाले होते. तरीही जानेवारीच्या मध्यात भाव १२७ च्या घरात होता. "कारण शिल्लक आहे" असे म्हणत १४६ ला, १४१ ला आणि १३७ ला खरेदी करत गेलेल्या माणसाचे काय झाले असेल, याचा हिशेब आपल्या नावाला जागून आपणच मांडावा.

हिशेबनीस

बाजार आजच्या फरकावर चालत नाही, पुढे अपेक्षित असलेल्या फरकावर चालतो. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरील परतावा ऑक्टोबरमध्ये ४.२ टक्क्यांच्या वर होता, तो जानेवारीत ३.४ टक्क्यांच्या आसपास आला. शिवाय २० डिसेंबरला बँक ऑफ जपानने आपल्या दहा वर्षांच्या रोख्यांच्या परताव्याची मर्यादा ०.२५ वरून ०.५० टक्क्यांवर नेली. कारण ढासळत होते, आणि ते दिसतही होते.

पाचवा लॉट

मग ऑगस्टकडे पुन्हा पाहा. जूनच्या मध्यात अमेरिकी रोख्यांवरील तोच परतावा ३.५ टक्क्यांच्या जवळ होता आणि ऑगस्टच्या आरंभी २.६ टक्क्यांच्या आसपास आला होता. घसरण जवळपास तेवढीच! आपली कसोटी प्रामाणिकपणे लावली असती तर आपणही १३०.४ च्या तळाशी विकून मोकळे झाला असतात. आपण फिबोनाचीच्या जागी रोख्यांचा आलेख ठेवला आहे, एवढाच काय तो फरक. कारण नेहमी मागून स्पष्ट दिसते. त्या दिवशी हाताशी असतो तो फक्त भाव आणि आपण आधी ठरवलेला तोटा.

सांजवेळ

"आधी ठरवलेला तोटा" या शब्दांवर मला बोलायचे आहे, कारण तो ठरवणे आपल्या हातात असते ही समजूत मला महागात पडली. मी तेव्हा एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारावर, डॉलर-रुपयाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) करत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलरने प्रथमच ८३ रुपये ओलांडले होते. १० नोव्हेंबरला भाव ८१.८० च्या आसपास आल्यावर मी, या चर्चेतल्या पहिल्या सल्ल्याप्रमाणे, दहा लॉट घेतले आणि ८१.५० चा स्टॉपलॉस ठरवला. एक लॉट हजार डॉलरचा, तेव्हा तोटा झाला तर तीन हजार रुपयांचा.

आमचा बाजार पाचला बंद झाला. अमेरिकेच्या महागाईचा आकडा आपल्याकडे संध्याकाळी सातला आला. वार्षिक महागाई ७.७ टक्के, अपेक्षेपेक्षा कमी. मी घरी बसून डॉलर-येन एका रात्रीत १४६ वरून १४१ कडे कोसळताना पाहत होतो, आणि माझा सौदा मात्र कुलूपबंद होता. सकाळी डॉलर ८०.८० च्या खाली उघडला. ८१.५० ला भाव कधी आलाच नाही, तो त्यावरून उडी मारून गेला. तोटा तीन हजारांऐवजी दहा हजारांच्या वर गेला.

पाचवा लॉट

हे मान्य करावे लागेल. रात्रभर बंद राहणाऱ्या बाजारात स्टॉपलॉस ही विनंती असते, हमी नव्हे. तरीही हा दोष सौद्याच्या आकाराचा आहे. त्या आकड्याची तारीख महिनाभर आधी जाहीर झालेली होती आणि त्या दिवशी दहाऐवजी तीन लॉट घेता आले असते.

हिशेबनीस

पाचवा लॉट यांचा ऑगस्टचा मुद्दा मला निरुत्तर करतो, हे लिहून ठेवतो. तथापि दोन घसरणींत एक फरक उरतोच. जुलै-ऑगस्टमध्ये येन विकत घेणारे फक्त व्यापारी होते, तर ऑक्टोबरमध्ये जपानचे अर्थ मंत्रालय स्वतः बाजारात उतरले होते आणि महिनाभरात त्याने ६.३ लाख कोटी येन खर्च केले.

पाचवा लॉट

तेच मंत्रालय २२ सप्टेंबरलाही उतरले होते, येन विकत घेण्यासाठी १९९८ नंतर प्रथमच. भाव १४५.९ वरून १४०.३ वर आला, आणि ऑक्टोबरच्या मध्याआधीच ती सारी घसरण भरून निघाली. त्या माघारीवर खरेदी करणारे जिंकले.

उंबरठा

नव्याने येणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक बाब. रिझर्व्ह बँकेचे मे २०२४ पासून लागू झालेले नियम पाहता, ज्याच्याकडे प्रत्यक्ष विदेशी चलनाची देणी-घेणी नाहीत त्याला एक्स्चेंजवर रुपयाचे हे सौदे निव्वळ सट्ट्यासाठी करता येत नाहीत. परदेशी ॲपवर मार्जिनने (थोड्या अनामतीवर मोठा सौदा करून) डॉलर-येन खेळणे तर त्याआधीही नियमबाह्यच होते. सांजवेळ यांनी सांगितलेला सौदा आज बहुतेकांना करताच येणार नाही.

सांजवेळ

बरोबर आहे. माझ्या भावाचा सांगलीजवळ बेदाणा निर्यातीचा व्यवसाय आहे, त्याला तो आजही करता येतो, पण तो उलट्या बाजूने: डॉलर येणार असल्यामुळे तो विकतो. त्यामुळे आपण ज्याला तेजीतील माघार म्हणतो, ती त्याच्यासाठी विक्रीची हुकलेली संधी असते. तो भाव पाहून थांबत नाही. बिल निघाले की त्याच दिवशी निम्मे डॉलर पुढच्या तारखेला विकून टाकतो आणि उरलेल्या निम्म्यावर आम्ही दोघे भांडत बसतो.