चॅम्पियनशिप नसलेला मार्क मार्टिन

‘चॅम्पियनशिप नाही, तर नॅस्कारमधली (अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींमधली) कारकीर्द अपुरीच’ असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. ड्रायव्हर मार्क मार्टिनकडे बघा ना. नॅस्कारच्या सर्वोच्च, म्हणजे कप मालिकेत 40 शर्यती जिंकल्या, मोसमाच्या गुणतक्त्यात पाच वेळा दुसरा आला, पहिला एकदाही नाही. 1990 मध्ये रिचमंडला जिंकला, पण इंजिनातल्या कार्ब्युरेटरखालचा स्पेसर (एक सुटा भाग) नियमात बसला नाही म्हणून 46 गुण कापले गेले. मोसम संपला तेव्हा तो चॅम्पियन ठरलेल्या डेल अर्नहार्टच्या फक्त 26 गुण मागे होता!

आणि 2007 ची डेटोना 500, नॅस्कारची सगळ्यात मानाची शर्यत? शेवटच्या फेरीत मार्टिन पुढे, बाहेरच्या बाजूने केविन हार्विक सुसाट आला आणि 0.02 सेकंदाने जिंकला. मागे गाड्या धडाधड आदळत होत्या, क्लिंट बॉयरची तर उलटी होऊन, पेटलेली, रेषेपार घसरत गेली. एवढं हातातोंडाशी येऊन गेलं, तरी मार्टिनने रडगाणं गायलं नाही. दुसऱ्याला ठोकून पुढे जाणारा ड्रायव्हर अशी त्याची ओळख कधीच नव्हती, माझ्या लेखी हे फार मोठं आहे. 2009 मध्ये, पन्नाशीत, त्याने पुन्हा पाच शर्यती जिंकल्या. 2017 मध्ये त्याला नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेही चॅम्पियनशिपशिवायच.