प्लेनर स्पीकर: खोली आहे, पण आवाजाला खोली नाही

मध्यसप्तक
खोली १६ बाय ११ फूट. ४ फूट उंचीचे दोन प्लेनर-मॅग्नेटिक पॅनल (खोकं नसलेले, तारा चिकटवलेल्या पातळ पडद्याचे सपाट स्पीकर) ११ फुटी भिंतीसमोर, भिंतीपासून दीड फुटावर. दोघांत मध्यापासून मध्यापर्यंत ७ फूट, कान साधारण ९ फुटांवर. ट्वीटरची, म्हणजे वरच्या स्वरांची, पट्टी आतल्या बाजूला, पॅनल सरळ समोर बघतात. डाव्या पॅनलमागे सरकती काचेची खिडकी, उजव्यामागे पुस्तकांचं कपाट. अँप ४ ओहमला १०० वॅटचा.

स्टेज, म्हणजे आवाजातून डोळ्यांसमोर उभा राहणारा मंच, रुंद येतो, पण मागे जात नाही. ख्याल लावला की गायक मधोमध बसण्याऐवजी दोन पॅनलांत पाट घातल्यासारखा पसरतो, शिवाय थोडा डावीकडे ओढला जातो. डोकं वीतभर हललं की सगळं चित्र सरकतं. सुरुवात कुठून करू?

ओळंबा
दीड फुटापासून. पॅनल जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागेही फेकतो, आणि तो उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ओढली जाते. मागचा आवाज भिंतीपर्यंत दीड आणि परत दीड, असे ३ फूट जास्तीचे चालून येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ११३० फुटांच्या आसपास. म्हणजे तो २.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ज्याची तरंगलांबी ३ फूट आहे तिथे, साधारण ३७७ हर्ट्झला, पुढच्या आवाजाला खातो. हा थेट गळ्याचा पट्टा आहे. खोक्याच्या स्पीकरचं गणित इथे लावू नका. तिथे मागून वळून येणारा आवाज उलटा नसतो, त्यामुळे तेवढ्याच अंतराला खड्डा बरोबर निम्म्यावर पडतो.

साडेचार फुटांवर आणलंत की पहिला खड्डा १२५ हर्ट्झजवळ उतरतो आणि उशीर ८ मिलिसेकंदांचा होतो. दुपटी-तिपटीचे खड्डे राहतातच, पण ते दाट होतात, कान त्यांना एकेकटं धरत नाही. मूळ आवाजात कालवला जाणारा प्रतिध्वनी तिथून पुढे ‘मागची हवा’ वाटायला लागतो. तुमच्या स्टेजची खोली यायची ती इथून.

तुमच्या मापात: भिंतीपासून साडेचार, दोघांत साडेसहा, पॅनलांच्या रेषेपासून कान साडेसात. डोक्यामागे ४ फूट उरतात ते उरू द्या, सोफा भिंतीला टेकवू नका. बाजूच्या भिंतींची चिंता कमी करा, काटकोनात पॅनल जवळपास मुका असतो.

मग सुतळी. खुर्चीच्या पाठीला, नाकाच्या रेषेत, एक टोक बांधा आणि दोन्ही पॅनलांच्या आतल्या कडेपर्यंत ताणून बघा. डाव्या-उजव्यात फरक ५ मिलिमीटरच्या आत हवा. ३ सेंटिमीटर फरकानेही गायक सरकतो. फरशीचे सांधे आयती रेषा वाटतात, पण ते भिंतीला समांतर आहेत का हे आधी मापा. बहुतेक नसतात. शेवटी वरच्या कडेवरून ओळंबा सोडा. बुटके पॅनल पायांमुळे किंचित मागे रेललेले असतात आणि ते सोफ्यावरच्या कानासाठी ठीक. जमिनीवर गादी-लोडाची बैठक असेल तर कान बराच खाली येतो आणि वरचे स्वर डोक्यावरून जातात. मग पायाखाली पट्ट्या देऊन पॅनल उभा करा, दोन्हीकडे सारखाच.

ओहमकार
सुतळी ताणण्याआधी पाच मिनिटांचं काम आहे. जुनी मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली) ध्वनिमुद्रिका लावा, १९५० च्या दशकातली कुठलीही चालेल. आवाज दोन पॅनलांच्या मधोमध, निमुळता यायला हवा. तो कुठेच नाही, कानांच्या आसपास तरंगतोय आणि खर्ज पातळ लागतोय, तर एका पॅनलच्या वायरींची अधिक-उणे उलटी लागली आहे.

पोलॅरिटी (हे अधिक-उणे) बरोबर असूनही डावीकडे ओढत असेल, तर अँप बंद करून त्याच्यामागे डावी-उजवी वायर अदलाबदल करा आणि तीच मोनो पुन्हा लावा. ओढ उजवीकडे गेली तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या आधी. जागची हलली नाही तर पॅनल किंवा खोली. माझा संशय काचेवर आहे. काच मागचा आवाज जसाच्या तसा परत पाठवते आणि पुस्तकं तो विस्कटून टाकतात. खिडकीवर चुण्यांचा जाड पडदा लावा, किंवा डाव्या पॅनलमागे तसंच उघडं कपाट ठेवा. १ इंची फोम मात्र आणू नका. तो फक्त वरचे स्वर गिळतो, गळ्याचा पट्टा तसाच सोडतो, आणि मागची हवा जाते.

पसरट गायकाचं दुसरं कारण: ट्वीटर आत आणि पॅनल सरळ, म्हणजे ट्वीटरची कड कानाला बास पॅनलपेक्षा जवळ पडते. ती समान अंतरावर किंवा किंचित लांब हवी. @ओळंबा यांचीच सुतळी घेऊन प्रत्येक पॅनलच्या दोन्ही कडा मापा आणि अंतरं जुळेपर्यंत तोंड आत वळवा. साडेसहा-साडेसातच्या मांडणीत हा कोन २३ अंशांजवळ येतो. झटपट तपासायचं तर छोटा आरसा चौकटीवर सपाट धरायला कुणाला तरी सांगा. खुर्चीत बसून त्यात स्वतःचं नाक आडव्या रेषेत दिसलं की झालं. डावा-उजवा पॅनल बदलून ट्वीटर बाहेर घेता येतो, स्टेज आणखी रुंदावतो, पण साडेसहा फुटांत मधला गायक बारीक होतो. ख्यालासाठी आतच बरा.

वळवल्यावर ‘स’ अक्षराच्या उच्चारावर शिट्टी ऐकू आली, आणि तुमच्या पॅनलला त्यासाठी जोडणी असली, तर ट्वीटरच्या मार्गात १ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर घाला. ४ ओहमच्या ट्वीटरला त्याने सुमारे २ डेसिबेल कमी होतात. अँपला हात लावायची गरज नाही.

शंकेखोर
दोघांचंही बरोबर, पण एक गोष्ट मिसळली जातेय. मागच्या भिंतीने दिलेली खोली रेकॉर्डिंगची नसते, ती तुमच्या भिंतीची असते. सगळ्या ध्वनिमुद्रिका सारख्याच खोल वाटल्या तर समजा भिंत बोलतेय. मग अर्धा फूट मागेपुढे करा, किंवा मागे थोडी जास्त पुस्तकं रचा.

तपासायला दोन टोकाची रेकॉर्डिंग घ्या. एक ब्लुमलाइन पद्धतीचं, म्हणजे एकमेकांशी ९० अंशांत धरलेले, पुढून-मागून सारखं ऐकणारे (इंग्रजी 8 च्या आकाराचे) दोन माइक. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइनने १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तेव्हापासूनची ही पद्धत. मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांची १९९३ ची ध्वनिमुद्रिका अशीच आहे. दोन वाद्यांमधली मोकळी जागा तिथे खरी आहे. दुसरं, स्टुडिओत प्रत्येकाला जवळून माइक लावलेलं. तिथे डग्गा एका चॅनेलात, दायाँ दुसऱ्यात टाकलेला असेल तर तबला भिंतीएवढाच होणार. त्याला तुमचे पॅनल काय करतील? मैफलीत बहुधा गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डावीकडे तबला. उलट ऐकू आलं तर चॅनेल तपासा, पण मिक्सिंगवाल्याने वेगळंच मांडलेलं असू शकतं.

डोकं हलल्यावर चित्र सरकणं पूर्ण जाणार नाही. १ फूट रुंद पॅनल ११३० हर्ट्झच्या वर टॉर्चसारखा झोत टाकतो. क्वाड या ब्रिटिश कंपनीने १९८१ च्या ईएसएल-६३ या पॅनल स्पीकरमध्ये यावर तोडगा काढला: पडद्यामागे एकात एक कडी, आतून बाहेर वाढत्या विलंबाने, म्हणजे आवाज ३० सेंटिमीटर मागच्या एका बिंदूतून आल्यासारखा. सरळ पट्ट्यांच्या पॅनलमध्ये ते नाही. खुर्ची एकच ठेवा, आणि ऐकताना डोक्यावरचा पंखा बंद. लांब धरलेल्या सुरात पाती थरथर आणतात.

मध्यसप्तक
मोनोत आवाज मध्ये आला, म्हणजे पोलॅरिटी ठीक. वायरी बदलल्या तरी ओढ डावीकडेच, म्हणजे संशय काचेवरच. पण साडेचार फूट रोज जमणार नाही, वाटेतली जागा आहे.

ओळंबा
मग दोन जागा ठेवा. ऐकायची जागा एकदा सुतळीने पक्की झाली की फरशीवर प्रत्येक पॅनलच्या पायांची तीन टोकं चिकटपट्टीने आखा. एकाच टोकावर वळण चुकतं, दोनवर ते ठरतं, तिसरं पडताळ्याला. पायाखाली फेल्टचे तुकडे चिकटवा आणि पॅनल चौकटीला धरून सरकवा, जाळीच्या कापडाला हात लावू नका. एरवी भिंतीजवळ ठेवाल तेव्हा खिडकीचा पडदा ओढलेला असू द्या. थेट उन्हाने पॅनलच्या आतल्या पातळ पडद्यावरच्या तारांचा गोंद सुटतो.