मदत हवी आहे: मिशिगनच्या २०२३ च्या संघाची सामनावार यादी

नमस्कार मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉल पाहणारं इथे कुणी आहे का?

मिशिगन विद्यापीठाच्या संघाने २०२३ च्या हंगामात पंधराही सामने जिंकले, अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ हरवलं. त्या प्रत्येक सामन्यात सुरुवातीला मैदानात कोण उतरलं, याची यादी मी करतोय. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा, सोपा: जे. जे. मॅकार्थी. अडतंय ते ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे त्याच्यापुढे उभ्या राहून वाट अडवणाऱ्या पाच जणांच्या फळीवर. माझ्या मते त्या संघाचा खरा कणा तीच होती, पण तिच्याबद्दल कुणी फारसं लिहीतच नाही. ओहायो स्टेटविरुद्ध गार्ड (फळीतली आतली जागा) झॅक झिंटरचा पाय मोडला, मग कार्सन बार्नहार्ट टॅकलवरून (फळीच्या टोकाच्या जागेवरून) आत गार्डच्या जागी आला आणि बार्नहार्टच्या जागी ट्रेंटे जोन्स.

अधिकृत बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात) पहिल्या खेळीचे (प्लेचे) खेळाडू मिळतात, पुढचे बदल नाहीत. शिवाय कॉलेजात दोघांना एकच नंबर चालतो, त्यामुळे व्हिडिओवरून ओळखताना गोंधळ उडतो.

कोण किती खेळ्या मैदानात होतं, हे सामनावार आणि फुकट कुठे मिळेल? आणि टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि चेंडूही झेलणारा खेळाडू) जास्त असलेल्या रचनेत तुम्ही सुरुवातीचे अकरा कसे मांडता?