पडेल कंपन्या वगळतात म्हणून सेन्सेक्स वर जातो? साफ चूक

नीरक्षीर:
एक संदेश सगळीकडे फिरतोय: "सेन्सेक्स ही हातचलाखी आहे. कंपनी बुडाली की तिला काढतात, चढती कंपनी आत घेतात. मग आकडा वर जाणारच." शिकलेली माणसं हे पुढे ढकलतात याचा मला मनापासून राग येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

सत्यम ही आयटी कंपनी आठवा. ७ जानेवारी २००९ ला तिचे संस्थापक रामलिंग राजू यांचं हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं तेव्हा सत्यम सेन्सेक्समध्येच होती. शेअर एका दिवसात १७९ वरून ४० च्या आसपास आला, सेन्सेक्स जवळपास ७५० अंकांनी पडला. तो सगळा मार आकड्यात बसलेला आहे. सत्यमच्या जागी सन फार्मा आली ती त्यानंतर. झालेला तोटा कोणी पुसला नाही, पुसता येतच नाही.

आता अदलाबदल. सेन्सेक्समधल्या तीस कंपन्यांचं फ्री फ्लोट बाजारमूल्य, म्हणजे प्रवर्तकांचा (कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचा) वाटा सोडून उरलेलं, त्याची बेरीज करायची आणि एका ठरवलेल्या आकड्याने, म्हणजे भाजकाने, भागायचं. नवी कंपनी आली की बेरीज बदलते, म्हणून भाजक असा बसवतात की आदल्या दिवशीचा बंद आकडा जुन्या यादीने काढा नाहीतर नव्या, तोच यावा. एक अंकही फुकट मिळत नाही.

आणि उलटंही होतं. झोमॅटोचा शेअर २०२४ मध्ये दुपटीच्या वर गेला. ती डिसेंबरात जेएसडब्ल्यू स्टीलच्या जागी आत आली आणि पुढच्या दोन महिन्यांत घसरली. चढ सेन्सेक्सला मिळाला नाही, उतार मिळाला. ही कसली हातचलाखी?

ठाणेकर:
भाजकाचं गणित ठीक आहे. पण एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत. सेन्सेक्स सुरू झाला जानेवारी १९८६ मध्ये, पाया धरला १९७८-७९ चा, १००. मधली वर्षं मागे वळून मोजलेली आहेत. १९८६ साली ज्या कंपन्या मोठ्या दिसत होत्या त्यांचाच मागचा प्रवास मोजला, तर तो चांगला दिसणारच. "शंभराचे ऐंशी हजार झाले" असं म्युच्युअल फंडवाले सांगतात, त्यातला हा भाग कोण सांगतं?

आणि माझ्या मामांचं काय? त्यांनी एप्रिल १९९२ मध्ये, सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ असताना, पीएफचे पैसे घातले. एप्रिल २००३ मध्ये तो तीन हजारांच्या आसपास होता. अकरा वर्षं! मामेबहिणीच्या लग्नासाठी मिळेल त्या भावाला विकलं त्यांनी. त्या घरात आजही शेअर हा शब्द काढता येत नाही.

नीरक्षीर:
१९८६ च्या आधीचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा काळ सोडून देऊ. मग नंतरचंच घ्या. २५ जुलै १९९० ला १,००० चा टप्पा, ३ जुलै २०२४ ला ८०,०००. चौतीस वर्षांत वर्षाला पावणेचौदा टक्के, तेही लाभांश न धरता. लाभांश धरणारा निर्देशांक वेगळा असतो आणि बाजाराची नियामक सेबी हिने फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना त्याच्याशीच तुलना करायला लावली आहे. मामांचं वाईट वाटतं, पण शिखरावर एकरकमी घातलेले पैसे हा निर्देशांकाच्या रचनेचा दोष नव्हे.

परळची_लेक:
तुमचे आकडे बरोबर असतील. १९८६ ची यादी काढून बघा कधीतरी. बॉम्बे डाईंग, सेंच्युरी, प्रीमियर ऑटोमोबाईल्स, मुकुंद. या शहरातल्या हजारो घरांच्या चुली त्यावर पेटायच्या. आज वर बँका आणि आयटी. माझे बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते (गिरणीचं नाव घेत नाही). गिरणी संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. पुढे आयुष्यभर ते एका इमारतीच्या दारात वॉचमन म्हणून बसले. तुमच्या निर्देशांकाला काय फरक पडला? जून-डिसेंबरला यादी बदलते, भाजक बदलतो, संपलं.

हिशेबनीस:
विषय काय, चाललंय काय! संप कोणी केला? १८ जानेवारी १९८२, अडीच लाख कामगार बाहेर, माघार घ्यायची वेळ टळून गेली तरी संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत हटले नाहीत. तोवर काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं. गिरण्या संपाने मेल्या.

परळची_लेक:
साचेखात्यात कधी तासभर उभे राहिला आहात का? आधी राहा, मग बोला. मालकांनी नफा नव्या यंत्रांत घातला नाही, जमिनीवर डोळा ठेवून बसले. १९९१ च्या विकास नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी, मालकाला. २००१ मध्ये शब्द फिरवून फक्त रिकामी जमीन मोजायची ठरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केलं. हेही सामंतांनी केलं का?

हिशेबनीस:
आवाज चढवून मुद्दा सिद्ध होत नाही, ताई. जमिनीचं तुमचं बरोबर आहे. संपाबद्दलचं माझं मत तेच राहील. आमच्या शेजारचे दोन जण संपात गावी गेले ते परत आलेच नाहीत. मीही पाहिलंय.

ठाणेकर:
गिरण्यांवर वेगळी चर्चा काढा हवं तर, पण ताईंच्या बोलण्यात मूळ मुद्दा आहेच. एचडीएफसी बँक आणि रिलायन्स मिळून सेन्सेक्सचा मोठा हिस्सा होतो. एलआयसी एवढी अवाढव्य, पण साडेशहाण्णव टक्के सरकारकडे, म्हणून फ्री फ्लोटमध्ये ती चिमुकली ठरते आणि यादीत नाही. शेती नाही, लघुउद्योग नाहीत. तरी रोज संध्याकाळी बातम्यांत "अर्थव्यवस्थेची नाडी".

नीरक्षीर:
नाडी मी कुठेही म्हटलेलं नाही. सेन्सेक्स बाजारात विकत घेता येणाऱ्या तीस मोठ्या कंपन्यांचा भाव सांगतो, तेवढंच त्याचं काम. एलआयसीचे जे शेअर सरकार विकतच नाही, त्यांचं वजन तुमच्या-माझ्या फंडावर कशाला? २००३ पर्यंत पूर्ण बाजारमूल्य धरायचे, तेव्हा प्रवर्तकांच्या तिजोरीतले शेअरही आकडा हलवायचे. ते बदललं हे चांगलंच झालं.

परळची_लेक:
मग बातम्या देणाऱ्यांना हे सांगा. तीस कंपन्यांचा भाव म्हणा, देश म्हणू नका.

नीरक्षीर:
हे मान्य, आणि तसं वृत्तवाहिन्यांना लिहायलाही तयार आहे. पण ठाणेकर, "पडेल कंपन्या काढून आकडा फुगवतात" याला तुमच्याकडे अजून एकही उदाहरण आलेलं नाही.

ठाणेकर:
ते नाही माझ्याकडे. मामांना तुमचं गणित तुम्हीच समजावा.