वजनाविषयीच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये चौदा वर्षांच्या मुलीला सहभागी करावे का?

प्रश्न – एक आई

नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत तिचे वजन उंचीच्या मानाने बरेच वाढले. मानेमागची त्वचा काळपट दिसू लागल्याने डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा साखर सीमारेषेवर असल्याचे लक्षात आले, आणि पुढे सोनोग्राफीत यकृतात चरबी साठू लागल्याचेही निष्पन्न झाले. आम्ही ज्या रुग्णालयात जातो तेथे १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी एक ट्रायल सुरू होत आहे. सर्व मुलांना आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन मिळणार असून, त्याशिवाय आठवड्यातून एकदा इंजेक्शन दिले जाणार आहे. काहींना ते औषधाचे असेल, काहींना प्लासिबोचे, म्हणजे दिसायला तसेच पण औषध नसलेले, आणि कोणाला काय मिळते आहे हे ना आम्हाला कळणार, ना उपचार करणाऱ्या डॉक्टरांना.

संमतिपत्र बावीस पानांचे आहे आणि मी ते दोनदा वाचले आहे. घरात दोन तट पडले आहेत. एकांचे म्हणणे असे की हे वाढीचे वय आहे, अंग आपोआप उतरेल. दुसरे विचारतात की आपल्या मुलीवर प्रयोग कशाला करून घ्यायचा. माझी खरी काळजी तिसरीच आहे. मुलगी हल्ली दुपारचा डबा तसाच परत आणते आणि वजनकाट्यावर उभी राहायला नकार देते. या संशोधनामुळे तिचे सारे लक्ष वजनावरच खिळून राहील का? अशा मुलांवर आजवर जे संशोधन झाले आहे त्यातून नेमके काय हाती लागले, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तर १ – ट्रायल समन्वयक

ताई, मी गेली नऊ वर्षे किशोरवयीन मुलांच्या ट्रायलमध्ये समन्वयक म्हणून काम करते. आपण संमतिपत्र दोनदा वाचलेत हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक पालक शेवटचे पान उघडून थेट सही करतात. औषधाविषयी डॉक्टर मंडळी लिहितीलच. मी त्या बावीस पानांत काय शोधावे एवढेच सांगते.

सर्वांत आधी ‘मुख्य निष्पत्ती’ म्हणून काय मोजणार आहेत ते पाहा. वाढत्या वयात नुसत्या किलोंना फारसा अर्थ नसतो. वर्षभरात मुलीची उंची वाढली आणि वजन होते तिथेच राहिले, तर काट्यावर काहीच घडलेले दिसत नाही, पण प्रत्यक्षात बरेच घडलेले असते. म्हणून चांगल्या अभ्यासांत वय आणि लिंग लक्षात घेऊन काढलेला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, वापरतात, आणि त्याच्या जोडीला रक्तातील साखर, रक्तदाब, यकृताची स्थिती आणि मुलांच्या जीवनमानाविषयीची प्रश्नावलीही असते. त्यानंतर पाहा की औषध थांबल्यावर किती काळ पाठपुरावा होणार आहे. औषध बंद झाले त्याच दिवशी अभ्यास संपत असेल, तर त्यानंतर काय होते हे कोणालाच कळत नाही, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचा काळ नेमका तोच असतो.

तिसरी बाब मला सर्वांत जवळची वाटते. आपली सही ही पालकांची संमती झाली. मुलीची स्वतःची संमती वेगळ्या कागदावर, तिला समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर त्याचा मान राखला पाहिजे. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात काही कमी केले जात नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

काट्याच्या भीतीविषयी लिहिते. आमच्याकडे मूल आकड्याकडे पाठ करून काट्यावर उभे राहते, नोंद घेणारी व्यक्ती आकडा मोठ्याने वाचत नाही, आणि मुलाने विचारले तरच तो सांगितला जातो. रक्तदाबाचा पट्टा दंडाच्या घेरानुसार मोठा घेतात. लहान पट्टा ओढूनताणून बसवला की दाब खोटाच जास्त दिसतो आणि मूल खजील होते ते वेगळेच. पहिल्या भेटीत या दोन गोष्टी नीट पाहा. त्या विभागात मुलांशी कसे वागतात हे त्यातून आपोआप कळेल.

उत्तर २ – बालरोगतज्ज्ञ, अंतःस्राव विभाग

घरातील दोन्ही मतांना मी आधी उत्तर देतो. अंग आपोआप उतरेल ही आशा स्वाभाविक असली तरी आकडेवारी तिच्या बाजूने नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात असे आढळले आहे की लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीनांपैकी सुमारे ८० टक्के मुले प्रौढपणीही लठ्ठ राहतात. मात्र याच प्रश्नाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात चार दीर्घकालीन अभ्यासांतील ६,३२८ जणांची माहिती एकत्र केली होती. लहानपणी वजन जास्त असूनही मोठेपणी ज्यांचा लठ्ठपणा ओसरला होता, त्यांच्यातील मधुमेह, उच्च रक्तदाब आणि रक्तातील घातक चरबी यांचा धोका, कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास होता. म्हणजे जे बिघडले आहे ते सावरता येते, आणि त्यासाठी हे वय मुळीच उशिराचे नाही.

‘प्रयोग कशाला’ या प्रश्नाचे उत्तर वयात येण्याच्या प्रक्रियेत आहे. या काळात इन्सुलिनला शरीराचा मिळणारा प्रतिसाद सडपातळ मुलांतही काही काळ मंदावतो आणि पुढे पुन्हा सुधारतो. त्यामुळे एखाद्या मुलाची साखर वर्षभरात सुधारली तर ती उपचाराने सुधारली की वयाने, हे तुलनेचा गट असल्याशिवाय सांगता येत नाही. प्रौढांवरील निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लागू करणे किती चुकीचे ठरते, हे अमेरिकेतील ‘टुडे’ या अभ्यासाने दाखवून दिले. त्यात टाइप २ मधुमेह झालेली १० ते १७ वर्षांची ६९९ मुले होती. प्रौढांमध्ये पहिले औषध म्हणून दिले जाणारे मेटफॉर्मिन एकट्याने घेणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्या, म्हणजे ५१.७ टक्के मुलांत साखर ताब्यात राहिली नाही. या मुलांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा सरासरी २६ वर्षांच्या वयात त्यांच्यापैकी ६० टक्क्यांना डोळे, मूत्रपिंड किंवा नसा यांपैकी कशाची ना कशाची गुंतागुंत झालेली होती. आपल्या मुलीला मधुमेह झालेला नाही. तो होऊ न देणे हेच येथे साधायचे आहे.

आता इंजेक्शनाकडे वळतो. आपल्या ट्रायलमध्ये कोणते औषध आहे ते आपण लिहिलेले नाही, पण आठवड्यातून एकदा घेण्याच्या सेमाग्लुटाइडचा किशोरवयीनांवरील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ ते १७ वर्षांची २०१ मुले होती आणि तो ६८ आठवडे चालला. औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी १६.१ टक्क्यांनी घटला, तर प्लासिबो गटाचा ०.६ टक्क्याने वाढला, आणि मार्गदर्शन मात्र दोन्ही गटांना सारखेच मिळत होते. या क्षेत्रात इतका फरक आम्ही क्वचितच पाहिला आहे. दुसऱ्या पारड्यात मळमळ, उलट्या आणि जुलाब आहेत, जे औषधाच्या गटातील ६२ टक्के मुलांना झाले, आणि पित्ताशयाचे खडेही आहेत, जे सुमारे ४ टक्के मुलांत आढळले, तर प्लासिबो गटात एकालाही आढळले नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लिराग्लुटाइड या त्याच प्रकारच्या औषधाच्या अभ्यासात ५६ आठवड्यांनंतर औषध बंद करून आणखी २६ आठवडे मुलांकडे लक्ष ठेवले होते, आणि त्या काळात औषध सोडलेल्यांचा बीएमआय प्लासिबो गटापेक्षा अधिक वाढला. समन्वयक ताईंनी ‘औषध थांबल्यावर काय’ असे विचारायला सांगितले ते याचसाठी.

औषधाविना काही साधत नाही असा याचा अर्थ कृपया काढू नये. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ४५ लठ्ठ मुलग्यांवर तीन महिने एक अभ्यास झाला. त्यात आहार कमी न करता आठवड्याला १८० मिनिटे व्यायाम दिला होता, काहींना धावण्यासारखा आणि काहींना वजने उचलण्याचा. दोन्ही गटांत पोटातली आणि यकृतातली चरबी घटली, आणि वजने उचलणाऱ्यांत इन्सुलिनचे कार्यही सुधारले. ज्या मुलाला धावताना दम लागतो आणि सगळ्यांच्या मागे राहिल्याने संकोच वाटतो, तेच मूल वजन उचलण्यात अनेकदा वर्गातल्या इतरांच्या पुढे असते. उपचारात त्याला प्रथमच काहीतरी जमते, आणि मी हे फार मोलाचे मानतो.

डबा परत येतो आहे, ही गोष्ट मात्र ट्रायलमध्ये नाव घालण्याआधी डॉक्टरांना अवश्य सांगा. किशोरवयात स्वतःच्या मनाने उपाशी राहणाऱ्या मुलांचे वजन पुढील काही वर्षांत घटण्याऐवजी वाढते आणि खाण्याचे विकार जडण्याचा धोकाही वाढतो, असे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील दीर्घ अभ्यासात दिसले आहे. याउलट, प्रशिक्षित चमूच्या देखरेखीखाली चाललेल्या उपचारात हा धोका सरासरीने कमी होतो, असा निष्कर्ष २०१९ मधील एका एकत्रित विश्लेषणाने काढला. तेव्हा मुलीला संशोधनापासून दूर ठेवल्याने ती वजनाचा विचार थांबवेल असे नाही. तो विचार ती आजही एकटीच करते आहे. मात्र खाण्याच्या सवयींची आणि मनःस्थितीची तपासणी सुरुवातीला व नंतर ठराविक अंतराने होणार आहे की नाही, हे संमतिपत्रात पाहा. तशी तरतूद नसेल तर मी माझ्या मुलीचे नाव तेथे घातले नसते.

उत्तर ३ – एका मुलाचे वडील

माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना आम्ही अशाच एका अभ्यासात सहभागी झालो होतो. त्यात औषध नव्हते, फक्त मार्गदर्शन होते. त्याआधी आम्ही एका ठिकाणी गेलो होतो, तेथे पाच मिनिटांत एक छापील कागद हातात देऊन ‘खाणे कमी करा’ एवढेच सांगितले गेले आणि मुलगा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

अभ्यासात पहिल्याच दिवशी त्यांनी माझे आणि पत्नीचेही वजन घेतले. मला ते खटकले. मग त्यांनी सांगितले की बदल घराने करायचा आहे, मुलाने एकट्याने नव्हे. गोड पेये घरात आणणे बंद झाले ते सर्वांसाठी, आणि जेवताना टीव्ही बंद झाला तोही सर्वांसाठी. मुलाने काय खाल्ले यावर बोलायचे नाही, फक्त ताटात काय येते ते आम्ही ठरवायचे, हा नियम पाळणे मला सर्वांत कठीण गेले. वर्षभरात त्याचे वजन जवळपास तेवढेच राहिले, पण उंची वाढली आणि यकृताचे अहवाल सुधारले. तो स्वतःहून पोहायला जाऊ लागला, आधी अंगात शर्ट ठेवून आणि काही महिन्यांनी शर्टाविना.

उत्तर ४ – बालरोगतज्ज्ञ, अंतःस्राव विभाग

वरील अनुभवाला जुना आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन यांनी ६ ते १२ वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासाचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पालक व मूल अशा दोघांवर मिळून काम केलेला गट त्यात सर्वांत चांगला राहिला. पेयांविषयीही एक बोलका अभ्यास आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २२४ किशोरवयीनांपैकी एका गटाच्या घरी वर्षभर साखरविरहित पेये पोहोचवली गेली. वर्षाअखेर त्यांचा बीएमआय दुसऱ्या गटापेक्षा कमी वाढला होता; पुरवठा थांबल्यावर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो फरक लक्षणीय उरला नाही. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शन असावे असे म्हटले आहे. आपल्या ट्रायलमधील भेटींचे तास मोजून पाहा. ते याच्या आसपास असतील तर प्लासिबो गटात गेलेल्या मुलालाही खरा उपचार मिळेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी मुलीला जवळ बसवून तिच्यासाठीचा वेगळा कागद वाचून दाखवला. तो चारच पानांचा आहे आणि मी तो आधी उघडलाच नव्हता. तिने दोन प्रश्न विचारले. “मला खोटे इंजेक्शन मिळाले तर वर्ष फुकट जाईल ना?” आणि “मी डबा खात नाही हे तू त्यांना सांगणार आहेस का?” दुसऱ्या प्रश्नावर मी हो म्हणाले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की ते तीच सांगेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

भेटींचे तास मोजले, ते अठ्ठावीस भरतात. औषध थांबल्यानंतर सहा महिन्यांचा पाठपुरावा आहे. मनःस्थितीच्या तपासणीचा उल्लेख मात्र एकाच ओळीत आहे.

उत्तर ५ – ट्रायल समन्वयक

तिला सांगा की प्लासिबो गटातील मुलाच्याही सर्व तपासण्या होतात, तेच मार्गदर्शन मिळते आणि तब्येत बिघडते आहे असे दिसले तर वाट न पाहता उपचार बदलले जातात. त्याचे निकष संमतिपत्रात ‘सुरक्षितता’ या भागात लिहिलेले असतात. अभ्यास संपल्यावर प्लासिबो गटाला खरे औषध मिळणार का, हे मात्र प्रत्येक ट्रायलमध्ये निराळे असते. ते विचारून लेखी घ्या.

मनःस्थितीच्या त्या एका ओळीविषयीही विचारा. तपासणी कोण करणार, किती महिन्यांनी करणार, आणि काही आढळले तर मुलीला त्याच दिवशी कोणाकडे नेणार, अशी तीन उत्तरे मिळाली पाहिजेत. प्रश्न मुलीच्या समोरच विचारा, आणि डब्याविषयी ती बोलू लागली की आपण मध्ये बोलू नका.