हॅम रेडिओच्या रिपीटरवरची मैत्रीपूर्ण स्पर्धा: गुण कशाचे द्यायचे?

प्रश्न: रविवारी सकाळी सिंहगडच्या रिपीटरवर (आलेला सिग्नल पुन्हा जोरात प्रसारित करणारं केंद्र) छोटी स्पर्धा घ्यायची आहे. रिपीटर मुद्दामच, कारण व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन मिळालेल्या नव्या हॅम मुलांकडे ५ वॉटचा हँडसेटच असतो. पण त्यावरून सगळेच ‘पाच-नऊ’, म्हणजे अगदी स्पष्ट आणि जोरात, ऐकू येतात. मग गुण कशाला?

उत्तर: ‘पाच-नऊ’सारख्या सिग्नल रिपोर्टऐवजी समोरच्याचा पिनकोड घ्या, नव्या पिनकोडला गुण. नेट कंट्रोलला, म्हणजे कोणी कधी बोलायचं ते ठरवायला, एक जण हवाच. आणि एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्याआधी थोडी जागा सोडा, तातडीचा कॉल अडकता कामा नये.

उत्तर: रिपीटरचा इनपुटही (तो ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो ती) ऐका, आउटपुटच्या ६०० किलोहर्ट्झ खाली. समोरचा तिथे थेट ऐकू आला तर सिम्प्लेक्सवर जा, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोला, दुप्पट गुण!

प्रश्नकर्ता: दादा, हे फार आवडलं, अँटेना सुधारायची गोडी यातूनच लागेल. नेट कंट्रोलला मी बसतो.