फेसिंग करूनही अॅम्बॅसॅडरच्या मॅनिफोल्डची टिकटिक जाईना, मदत हवी

मंडळी नमस्कार, इंदूरहून लिहितोय. बाबांची १९८४ ची मार्क ४ आहे, पेट्रोल, तेच जुनं १४८९ सीसीचं इंजिन. दिवाळीपासून सकाळी थंड स्टार्टला टिकटिकटिक असा आवाज यायचा आणि पाचेक मिनिटांनी गाडी तापली की गप्प. मिस्त्री म्हणाला टॅपेट (व्हॉल्व्हची फट), दोनदा सेट करून घेतले, ढिम्म फरक नाही. मग मीच एका सकाळी इंजिन थंड असताना साबणाचं पाणी ब्रशने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणारा ओतीव पाइप) कडेला लावलं, बाबांना सेल मारायला सांगितलं, तर एक नंबरच्या पोर्टपाशी (सिलिंडरचा धूर बाहेर पडायचं भोक) फसाफस बुडबुडे, आणि तिथे हेडवर (इंजिनाचा वरचा भाग) काजळीचा काळा पंखा उमटलेला होताच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवून स्टीलची पट्टी ठेवली तर टोकाकडे चांगली फट, म्हणून खरादवाल्याकडून फेस करून (घासून सपाट करून) आणलं, नवीन गॅस्केट टाकलं, नट कसले. एक नंबर बंद झाला पण आता मधला पोर्ट, दोन-तीनचा सामायिक असतो तो, फुसफुसतोय आणि आधीपेक्षा जास्त!! परवा ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात आईला धुराच्या वासाने मळमळायला लागलं. आता काय करू, हेडच वाकलंय का?

प्रतिसाद १:
भाऊ, हेडला आत्ताच हात लावू नका. फक्त एक्झॉस्टच फेस केलंत ना, इनलेट (हवा-पेट्रोल आत नेणारं मॅनिफोल्ड) नाही? तिथेच घोळ आहे. या इंजिनात दोन्ही एकाच बाजूला, गॅस्केट एकच, आणि मधल्या स्टडचा (मॅनिफोल्ड धरणारा बिनडोक्याचा बोल्ट) मोठा वायसर अर्धा इनलेटच्या फ्लँजवर (जोडाची चपटी कड) अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर बसतो. एक्झॉस्ट घासून पातळ झालं की वायसर इनलेटवर टेकून तिरका होतो, तुम्ही कितीही कसा, दाब इनलेटवरच. व्हर्नियरने दोन्ही फ्लँज मोजा. आणि वायसर जाड हवा, बाजारातला पातळ बशीसारखा वाकतो.

प्रतिसाद २:
वास आत येतोय तोवर आईंना गाडीत बसवू नका, काचा उघड्या ठेवून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. आणि एम-सील वगैरे थापू नका, मी थापलं होतं, दुसऱ्या दिवशी पापडासारखं निघालं.

मूळ धागाकर्ता:
दादा, अगदी तेच निघालं! इनलेटची फ्लँज एक्झॉस्टपेक्षा ०.८ मिमी जाड. खरादवाल्याने इनलेटची फ्लँज घासायला नाही म्हटलं (कार्बोरेटरची अॅल्युमिनियमची वस्तू, भीती वाटते म्हणे), म्हणून जाड वायसर घेऊन त्यांची इनलेटकडची अर्धी बाजू तेवढीच घासून पायरी काढली. पुन्हा नवीन गॅस्केट, आधी सगळे नट हाताने, मग मधून बाहेर थोडे थोडे कसत गेलो, तापवून पूर्ण थंड झाल्यावर परत एकदा. आज तिसरी सकाळ, साबणाला एक बुडबुडा नाही. बाबा अजून बॉनेटला कान लावून उभेत, त्यांना विश्वासच बसत नाहीये.

पितळेचे नट सियागंजात मिळाले, पण कोणी घ्यायला गेलात तर जुना स्टड खिशात घेऊन जा, अडीच सूत (५/१६ इंच) मागितलं तर मला आठ एमएम दिले, दिसायला सारखेच, दोन आटे मस्त फिरतात आणि मग अडकतात. एक स्टड असाच खाल्ला मी.